पडद्याबाहेरचा डावा हात

यादीत माझ्या बायकोचा नंबर तिसरा होता. पित्ताशयातले खडे, दुर्बिणीची शस्त्रक्रिया, उद्या सकाळी. पुढे सर्जनचं नाव होतं, ते मी दोनदा वाचलं. हा डॉक्टर माझ्या पेटीवर शिकला होता.

पेटी म्हणजे काय ते सांगतो. पूर्वी मी ऑपरेशन थिएटरात अवजारं धुवायचो. गेली अकरा वर्षं रुग्णालयाच्या तळमजल्यावरची सरावाची खोली सांभाळतो. तिथे सहा पेट्या आहेत. वर रबराची कातडी, तिला भोकं, आत छोटा कॅमेरा. सर्जन मंडळी भोकांतून लांबलचक चिमटे घालतात आणि समोरच्या पडद्यावर बघत मणी उचलतात, कापड गोल कापतात, टाके घालतात. पोट न फाडता आत काम कसं करायचं, ते इथे शिकायचं. मला शस्त्रक्रियेतलं ओ की ठो कळत नाही, पण हात कळतात. बाहेर दबदबा असलेले सर्जन पहिल्या दिवशी माझ्या पेटीसमोर घामाघूम होतात, आणि खोटं कशाला बोलू, मला ते बघायला आवडतं.

खऱ्या रुग्णाला हात लावण्याआधी पेटीवरच परीक्षा होते. तिचा एक नियम आहे. दोन्ही चिमट्यांची टोकं सतत पडद्यावर दिसली पाहिजेत. दिसेनासं झालेलं टोक आत कुठे टोचतंय, ते कोणालाच कळत नाही. एकदा जरी बाहेर गेलं तरी नापास, आणि तशी खूण मी करायची.

या डॉक्टरचा डावा चिमटा परीक्षेत शेवटच्या टाक्याला पडद्याबाहेर गेला होता. चांगले तीन सेकंद. त्याला पत्ताच नव्हता, त्याची नजर उजव्या हातावर खिळली होती. मी पाहिलं आणि खूण केली नाही. पोरगा गुणी होता. बाकीचे मला 'अहो पेटीवाले' म्हणायचे, हा काका म्हणायचा. सांडलेले मणी स्वतः वेचून जायचा. घरीही मी त्याचं इतकं कौतुक केलं, की बायकोने हट्ट धरून तोच डॉक्टर मागून घेतला.

"तुमच्या हाताखालून गेलेला आहे," ती म्हणाली होती, "मग मला कशाची भीती?"

भीती मला वाटत होती. तो चार महिने शस्त्रक्रिया करतोय, काही वाईट कानावर आलेलं नाही, तेव्हा एकदाच चुकलं असेल, अशी मी मनाची समजूत घालून पाहिली. पण डोळ्यांसमोर पडदा यायचा. पडद्यावर उजवा चिमटा नीट काम करताना दिसायचा, आणि कडेच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नाही, तिथे तिचं यकृत. दुपारी मी त्याच्या खोलीत गेलो आणि दार लावून सगळं सांगून टाकलं.

तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, "चला खाली."

पेटीसमोर उभं राहून त्याने टाके घालायला घेतले. चार टाके सुरेख पडले. माझा जीव जरा भांड्यात पडतोय तोच, पाचव्याला उजवं मनगट वळलं आणि डावं टोक गायब झालं.

"हात हलवू नका," मी म्हणालो. "डावा कुठे आहे?"

तो पडद्याकडे बघत राहिला. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"मला माहीत नाही, काका."

तो तसाच निघून मोठ्या मॅडमकडे, म्हणजे सर्जरीच्या प्रमुखांकडे, गेला. त्याने स्वतःचं सांगितलं आणि माझंही सांगितलं, मी अडवलं नाही. शस्त्रक्रिया मॅडम करणार, तो पुन्हा पेटीवर बसणार, आणि यापुढे परीक्षेला मी नसणार, असं दहा मिनिटांत ठरलं. परीक्षेचं काम गेल्याचं वाईट वाटायला हवं होतं. मला नुसतं हायसं वाटलं.

सकाळी बायकोला थिएटरच्या दाराशी आणलं. ट्रॉलीवर ती एवढीशी दिसत होती. डॉक्टर का बदलला, असं तिने विचारलं. दोन-तीन थापा मी तयार ठेवल्या होत्या, पण तिच्या तोंडाकडे बघून एकही जमेना. खरं तेच सांगितलं. आता ही माझ्यावर उखडणार, असं मी धरून चाललो होतो.

"चार महिने करतोय ना तो ऑपरेशनं?" तिने विचारलं.

"हो."

"किती झाली असतील?"

"चाळीसेक."

तिने चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली.

"तेव्हा नाही वाटली तुम्हाला भीती?"

आवाज चढलेला नव्हता. पोरांच्या शाळेचं काही विचारावं, तसं तिने विचारलं. मी तिचा हात धरला. तिने तो काढून घेतला नाही, पण बोटंही मिटली नाहीत. मग नर्स आली आणि ट्रॉली आत गेली.

बाहेरच्या बाकावर चार-पाच माणसं बसली होती. कोणाचा बाप आत होता, कोणाची बहीण. माझ्याकडे बघून ती सरकली आणि त्यांनी जागा करून दिली. मी उभाच राहिलो.