मूळ आवाज

“बाई, ह्ये उघडंना झालंय बगा,” असं म्हणून मायाप्पाने आपला मोबाइल स्टुडिओच्या काउंटरवर ठेवला आणि डॉक्टरकडे आल्यासारखा स्टुलावर गप्प बसला.

विजयमालाने कपाळावरचा चष्मा खाली ओढला. पार्क चौकामागच्या बोळातला तो स्टुडिओ तिचा. नवरा कॅमेरा घेऊन हिंडायचा आणि ही दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून लोकांची लग्नं कापायची नि जोडायची. मोबाइलवर तिनेच पाठवलेला ईमेल होता. विषयाच्या जागी तिने मराठीत लिहिलं होतं, ‘म्हाळसाबाई, हळद, मूळ आवाज’. खालच्या निळ्या पट्टीवर तिने बोट टेकवलं. पांढरं पान उघडलं आणि त्यावर इंग्रजीत एक ओळ आली.

“मामा, कधी पाठवलं होतं मी हे?”

“झालं की सव्वा वरीस.”

“आणि तुम्ही उतरवून घेतलं नाहीत?”

“आलंय न्हवं का? हितंच तर हाय. रोज बगतोय की मी.”

विजयमाला खुर्ची पुढे ओढून म्हणाली, “मामा, ईमेलातून एवढा मोठा व्हिडिओ जात नाही हो. पंचवीस एमबीच्या वर त्याला पेलत नाही, आणि हा होता साडेतीन जीबी. मग तो दुसरीकडे ठेवावा लागतो, मेलमध्ये नुसता त्याचा पत्ता येतो. तिथं सात दिवस राहतो, मग पुसला जातो. मी फोन करून सांगितलं होतं तुम्हाला.”

सांगितलं होतं खरं. मायाप्पा तेव्हा व्हॉल्व्हच्या खड्ड्यात उतरला होता. वर दोन बायका नंबरावरून हमरीतुमरीवर आल्या होत्या, आणि हा एका हाताने चावी फिरवत दुसऱ्या हातातल्या फोनला ‘व्हय व्हय’ करत होता. अठ्ठावीस वर्षं तो शहराला पाणी सोडत आलेला माणूस. गल्लीगल्लीत ओरडून सांगायचा, भरून घ्या गं, परत चार दिवस न्हाय! एखादीने आळस केला आणि नंतर रिकामी घागर घेऊन आली की तिला चांगला फैलावर घ्यायचा. आता रिकामी घागर घेऊन तो स्वतःच आला होता.

सोनाली ही त्याची एकुलती लेक. तिच्या हळदीला त्याच्या बायकोने, म्हाळसाबाईने, हट्टाने जात्यावर हळकुंडं दळली. मूळची सांगोल्याकडची बाई, ओव्यांचं तिला काय! बसल्या जागी जोडायची आणि उठल्यावर विसरून जायची. मायाप्पा त्या वेळी मांडवाबाहेर टँकरवाल्याशी हुज्जत घालत होता. मोटर घरघरत होती आणि त्या गोंगाटातून त्याच्या कानावर आलं, “मायाप्पा...”

पुढचं काही ऐकूच आलं नाही. आत बायकांचा एकच हशा उसळला. संसाराच्या तीस वर्षांत त्या बाईने नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं. लग्नात नाव घ्यायच्या वेळीही पदराआड काहीतरी पुटपुटून मोकळी झाली होती. ‘अवं’, ‘ऐकलं का’, फार तर ‘सोनीचं आबा’, एवढ्यावर तिने त्याला हाक मारली. ओवीत मात्र नाव चालतं. तिने तिथं गाठलं आणि हा नेमका बाहेर राहिला.

“काय जोडलंस गं?” त्याने नंतर विचारलं होतं.

“काय न्हाय. तुमाला काय करायचंय बायकांचं?” एवढं बोलून ती हसत आत गेली. तीन महिन्यांनी भांडी घासताघासता मोरीतच खाली बसली, ती पुन्हा उठली नाही. हळदीला आलेल्या बायकांना त्याने आडून आडून विचारून पाहिलं. नाव घेतलं तेवढं सगळ्यांना आठवत होतं, पुढची ओवी एकीलाही नाही.

लग्नाची फिल्म पेनड्राइव्हवर आली, ती दोन तासांची, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत तिच्यावर सिनेमाची गाणी. म्हणून तर त्याने विजयमालाकडे मूळ आवाजाचं चित्रण मागितलं होतं. पण ते आलं आणि त्याचा धीर सुटला. ऐकलं तर पुन्हा एकदा जाईल ती, असं त्याला वाटायचं. न ऐकता ठेवलं तर अजून तिचं काहीतरी बोलायचं बाकी आहे. पाणी सोडून झालं की तो खड्ड्याच्या कडेला बसून मेल उघडायचा, नाव वाचायचा आणि फोन खिशात ठेवायचा. रिकाम्या पाइपातून आधी वारा येतो, त्याच्या सुस्काऱ्यात कधी कधी त्याला ती ‘मा’ म्हणून थांबल्यासारखी वाटायची. भीती वाटायची आणि उठवतही नसे. काल जेऊरहून सोनाली आईच्या दुसऱ्या वर्षाच्या श्राद्धाला आली, म्हणाली, “आबा, आता ऐकू या की. मी हाय न्हवं संगं.” तेव्हा कुठे आज सकाळी त्याने निळ्या पट्टीवर बोट ठेवलं होतं.

“तुमच्याकडं आसंल की बाई. मूळचं.”

विजयमालाने कपाट उघडलं. एकामागून एक चार हार्ड डिस्क लावून पाहिल्या. मायाप्पा प्रत्येक वेळी स्टुलावरून अर्धा उठायचा. चौथीच्या वेळी त्याने नाव लिहिलेली चिठ्ठी ओळखली. चिठ्ठी सोनालीच्या लग्नाची होती, आत दुसऱ्याच कुणाची मुंज होती.

“वर्षभर ठेवतो आम्ही, मामा. मग जागा लागते.” तिचा आवाज पडला होता. “तुम्ही घेतलं असणार असं धरून चालले मी. एकदा विचारायला हवं होतं.”

“तुमचं काय न्हाय त्यात. तुमी सांगितलं हुतं.”

“फिल्ममध्ये सोनालीच्या आईंचा एक शॉट आहे बघा जात्यावरचा. सात सेकंदांचा. सगळ्याजणी हसतायत म्हणून तेवढाच उचलला होता. पण वर गाणं आहे. ते आता वेगळं निघत नाही.”

मायाप्पाने मान हलवली आणि फोन उचलला. तो मेल तिने पुसू नये म्हणून की काय, त्याने तो झटकन खिशात घातला.

घरी सोनालीने त्याचं तोंड पाहूनच ओळखलं. ती चहा ठेवायला आत गेली. मायाप्पाने टीव्हीला पेनड्राइव्ह लावला आणि पुढे पुढे नेत हळदीपर्यंत आला. मोठ्या आवाजात कुणीतरी गात होतं. जात्यामागे म्हाळसाबाई, हातात खुंटा, आणि भोवती बायका लोटपोट.

सगळ्याजणी हसतायत. विजयमालाचं बोलणं त्याला आत्ता उमगलं. त्या कशाला हसल्या होत्या ते त्याला ठाऊक होतं.

त्याने आवाज पूर्ण बंद केला, मागे नेलं आणि टीव्हीच्या अगदी जवळ, पाटावर बसला. तिचे ओठ मिटले, उघडले, पुन्हा मिटले आणि उघडले. मग बायका हसल्या. ती पुढे आणखी दोन-तीन शब्द बोलली, आणि चित्र बदलून तिथे लेकीचे हळदीचे पाय आले.

त्याने परत मागे नेलं. मिटले, उघडले: मा. मिटले, उघडले: प्पा.

“आबा, टीवीचा आवाज गेला का? करू का मोटा?” सोनाली चहा घेऊन दारात उभी होती.

“नको,” तो म्हणाला. त्याने पुन्हा मागे नेलं. ओठ दुसऱ्यांदा मिटून उघडले आणि मायाप्पा हलक्या आवाजात म्हणाला, “व्हय. हाय की हितं.”