चार बोटं जागा

४१२

कोडच्या एवढ्या ओळी, एकाच फंक्शनमध्ये. कागदावर ओळ घालायची, बस्स, इतकंच त्याचं काम. पण सिंदीत बसून मंजुषा आणि ज्ञानेश्वरने मराठीत अर्ज टाइप करायचा हा एडिटर बनवला, जिल्ह्यातल्या अर्जनवीसांनी तो उचलला, आणि ज्याने जे मागितलं ते ज्ञानेश्वरने तिथेच कोंबलं. दोन वर्षांपूर्वी तो सगळं सोडून हिंगणीला वांग्यांच्या वाडीत गेला. मंजुषा उरली. डोळे जळतात. मान धरते. फोन वाजतच राहतो.

सोमवारी रजत, दुसरा प्रोग्रॅमर, हे काम घेणार होता. ती नागपूरला, नव्या नोकरीवर. नवं सिमही आणून ठेवलं होतं. जुना नंबर सोमवारी बंद करायचा. रजतची अट एकच. "ताई, एवढं जंगल मी घेत नाई. ते फंक्शन शंभर ओळीत बसवा, मंग बोलू."

२६०

तेच ते तीनदा लिहिलेलं. काढलं.

१४१

कधीच न चालणारा भाग. काढला. बोटं दुखली.

९७

सलग रिकाम्या ओळी आल्या तर त्यांची एकच करायची, हा एडिटरचा नियम. अर्ज एका पानात मावावा म्हणून. त्याला सात अपवाद होते. नावाच्या वर असतील तर नको. खाली तारीख असेल तर नको. का नको, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. सातही काढले. चाचण्या सगळ्या पास. गुरुवारी संध्याकाळी तिने नवी आवृत्ती सगळ्यांना पाठवली आणि जेवण न करताच आडवी झाली.

शुक्रवारी साडेअकराला आर्वीहून फोन. चंद्रभान, कचेरीबाहेर टेबल टाकून अर्ज लिहिणारा.

"मंजुषाताई, काय करून ठेवलं हे?"

"काय झालं, भाऊ?"

"सुमित्राबाईचा अंगठा तिच्याच नावावर बसला! कागद वापस. नाव दिसत नाई म्हनते साहेब."

"नावावर कसा?"

"जागाच नाई ना! नावाच्या वरते मी चार डाव एंटर मारतो. चार बोटं जागा. इतक्या वर्षांचा हात हाये, छापलेलं कोन पाहते? देल्लं बाईच्या हाती."

मागून म्हातारा आवाज आला. "त्या पोरीले सांग, माही बस एक वाजता हाये. मंग एकदम सांजीले."

"आयकलं?" चंद्रभान म्हणाला.

मंजुषाने पहिला अपवाद परत घातला, पाठवला. "छापा आता. या वेळी पाहून." फोन चालूच. प्रिंटरची खरखर. मग बराच वेळ नुसता रस्ता ऐकू आला.

"घेतला कागद साहेबानं."

"आणि सुमित्राबाई?"

"पयाली डेपोकडं."

१०१

आता एकच ओळ जास्त. रजत काही बोलला नसता. मंजुषाने बाकीचे सहा अपवाद पुन्हा उघडले आणि ज्ञानेश्वरला फोन लावला.

"तारखेचा अपवाद काऊन टाकला होता तू?"

"कोनता? मी वांगे तोडून राह्यलो."

"खाली तारीख असली तर."

"हा, शिक्क्यासाठी. गोल शिक्का केवढा असते!"

तिसरा फोटोसाठी. चौथा साक्षीदारांसाठी. असं करत सहावा. "आणि सातवा? ओळ 'सबब'नं सुरू होत असली तर?"

"रूपरावनं सांगतलं होतं."

"पन काऊन?"

"विचारलं नाई. लय खडूस मानूस. विचारलं का चहा बंद."

"लिहून तरी ठेवाचं, ज्ञानेश्वर."

"लिहाचा कंटाळा होता म्हनून तं वांगे लावले ना!"

रूपरावने टायपिंग सोडून वर्ष झालं होतं. तिने नंबर लावला. बंद.

११६

सातही अपवाद परत आले, प्रत्येकाच्या डोक्यावर एकेका ओळीत कारण. शेवटच्यावर तिने लिहिलं: रूपराव, सिंदी. कारण माहीत नाही. काढू नये.

सोमवारी रजतने स्क्रीन वरपासून खालपर्यंत वाचली. "शंभर म्हटलं होतं, ताई."

"हो."

"सातव्याचं कोनी विचारलं तं काय सांगू?"

"मलेही नाई माहीत."

तो परत वर गेला, अंगठ्याच्या ओळीशी थांबला. "घेतो. पन नागपूरले गेल्यावर फोन उचलजा."

मंजुषाने मान हलवली. घरी येऊन नवं सिम, पाकीट न फोडता, खणात टाकलं.