पोस्टरवर न मावलेलं नाव

मित्रांनो, भोरमधल्या एका बँड पार्टीतला मी जुना कीबोर्ड. पार्टी मोडली तेव्हा वरवे बुद्रुकच्या सोपानरावांनी मला त्यांच्या मुलीसाठी, संजीवनीसाठी घरी आणलं. माझ्या काही पट्ट्या अडकत होत्या. तिने मला खोलून कापसाने पुसलं आणि मी पुन्हा वाजू लागलो.

ती दिवसा जवळच्या कारखान्यात पॅकिंगला जाई. संध्याकाळी मला जुन्या लॅपटॉपला जोडून नाचाची गाणी बनवी. आधी ठेका, मग त्यावर माझी धून. तिचा मामेभाऊ सार्थक डीजे होता. भोरपासून वेल्ह्यापर्यंतच्या वरातींत तो ती गाणी लावायचा आणि कडेला बसलेली माणसंही उठून नाचायची. दोघांनी मिळून एकच नाव घेतलं होतं, 'संजू-सार्थक'. टेम्पोवर ते रंगवलं त्या दिवशी मलाच कुणी शाबासकी दिल्यासारखं वाटलं.

मग पुण्यातल्या एका क्लबचं बोलावणं आलं.

"ताई, आधी म्या जाऊन बघतो," सार्थक म्हणाला. "जम बसला की तुला बोलावतो. कीबोर्ड आन् लॅपटॉप दे, तितं लागंल."

संजीवनीने मला आपल्या ओढणीत गुंडाळून त्याच्या हाती दिलं. लहानपणापासून सोबत वाढलेला भाऊ होता तो. शंका यायला जागाच नव्हती.

क्लबमध्ये आमचं गाणं फार गाजलं. एक पत्रकार मुलगी सार्थकची मुलाखत घ्यायला त्याच्या पुण्यातल्या खोलीवर आली. तिने विचारलं, "ही धून कुणाची?" सार्थकने माझ्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "माझीच. सगळं एकट्यानं केलं." त्या धुनेचा सूर न् सूर संजीवनीच्या बोटांतून माझ्यात उतरला होता. पण मला कोण विचारणार?

पुढे चकचकीत नवी यंत्रं आली आणि मी न् तो जुना लॅपटॉप पलंगाखाली गेलो. संजीवनीचा फोन आला की तो मोबाईल पालथा ठेवायचा.

शेवटी एका रविवारी ती एसटीने आली. भिंतीवर क्लबचं पोस्टर होतं. तिने ते वरपासून खालपर्यंत वाचलं; त्यावर फक्त सार्थकचं नाव होतं.

"माझं नाव कुठं हाय?"

"ताई, क्लबवाले म्हणाले, पोस्टरवर एकच नाव मावतं."

"आन् धून? ती कशी मावली?"

सार्थकने मान खाली घातली. "तू घरची हायेस. घरच्या माणसानं नावासाठी भांडायचं व्हय?"

"घरचा म्हणूनच तुज्या हाती दिलं व्हतं सगळं."

तिने वाकून मला आणि लॅपटॉपला बाहेर ओढलं, धूळ पुसली आणि दोघांना काखेत घेऊन निघाली. तो अडवायला आला नाही.

गेल्या महिन्यात गावात वरात निघाली. दारावरून जाताना तेच गाणं लागलं. संजीवनीची आई, लीलाबाई, उंबऱ्यात उभी होती.

"संजे, हे तुजंच न्हवं का गं?"

"व्हतं," संजीवनी म्हणाली आणि तिने दार लोटून घेतलं.

ती आजही माझ्यावर गाणी बनवते. पूर्ण झालं की एकदा ऐकते आणि पुसून टाकते. कुणाला ऐकवत नाही.

मित्रांनो, आम्हा वाद्यांवरची धूळ झटकली की आम्ही पुन्हा वाजतो. माणसाचा विश्वास एकदा गेला की तसं होत नाही. म्हणून कुणी भरवशाने आपली कला तुमच्या हाती दिली, तर तिच्यासोबत त्याचं नावही जपा.

आज संध्याकाळी संजीवनीने फार गोड धून बांधली होती. ती फक्त मी ऐकली.