‘जा’ असं तो म्हणाला नव्हता

बाईमाणूस विमान चालवते म्हटलं की लोक आधी हसायचे आणि मग तिच्या नवऱ्याकडे कीव आल्यासारखं बघायचे. नवरा ते हसण्यावारी न्यायचा. तो नकाशे वाचण्यात तरबेज होता. मागच्या सीटवर बसून म्हणायचा, "घरात हिचं चालतं, वरही हिचंच चालतं. मी आपला रस्ता सांगतो."

तिसऱ्या लांबच्या उड्डाणात इंजिन बंद पडलं. खाली उजाड माळ, दगडच दगड. तिने विमान टेकवलं, पण चाक मोडलं आणि विमान नाकावर आदळलं. तिच्या कपाळाला खोक पडली. त्याचे दोन्ही पाय चेचले होते. तिने त्याला कसंबसं बाहेर ओढून पंखाच्या सावलीत निजवलं. दुसऱ्या दिवशीही शोधायला कोणी आलं नाही. पाण्याची एकच बाटली उरली, तेव्हा ती उठली.

"कुठे निघालीस?"

"येताना वरून रस्ता दिसला होता. तिथे कोणीतरी भेटेल."

"नको जाऊस." त्याने तिच्या कोटाची बाही घट्ट धरली. "मला भीती वाटतेय गं. जवळ बस."

"बसले तर दोघंही मरू."

तिने त्याची बोटं एकेक करून सोडवली, बाटली त्याच्या हाताशी ठेवली आणि मागे वळून न बघता चालू लागली.

रस्त्यावर एक ट्रक मिळाला. माणसं घेऊन ती परतली, तेव्हा तो गेला होता. बाटलीला त्याने तोंडही लावलं नव्हतं.

पुढे तिने या उड्डाणावर पुस्तक लिहिलं. प्रकाशक म्हणाला, "बाई, झकास उतरलंय. फक्त एवढं पान बदला. तो ‘जा’ म्हणाला असं लिहा."

"तो तसं म्हणाला नव्हता."

"कोणाला कळणार आहे?"

"मला."

पुस्तक तसंच छापलं गेलं आणि हातोहात खपलं. धावपट्टीवरची मंडळी तोंडावर वाहवा करायची. पाठ वळली की म्हणायची, "नवऱ्याला टाकून आली, वर पुस्तकही लिहिलं!"

सासूबाई तिच्याजवळच राहायच्या. मोतीबिंदूमुळे त्यांना अक्षर लागत नव्हतं. एका दुपारी त्यांनी पुस्तक तिच्या पुढ्यात ठेवलं. "वाच. लोकांकडून ऐकायचं नाही मला."

तिने ते पान वाचलं. एक शब्दही गाळला नाही.

"बाही धरली त्याने?"

"हो."

"शाळेत सोडायला जायचे ना, तेव्हाही माझं बोट सोडायचा नाही." सासूबाईंनी चाचपून पुस्तक मिटलं. "तू गेलीस ते बरोबरच केलंस. मीही गेले असते. पण तो भ्याला हे जगाला कशाला सांगितलंस? मेलेल्याची तेवढी तरी मूठ झाकलेली ठेवायचीस."

"‘जा’ म्हणाला असं लिहिलं असतं, तर मी सुटले असते, आई."

"आता तूही नाही सुटलीस, आणि तोही नाही."

आठवडाभरात त्या लेकीकडे राहायला गेल्या.

ती पुन्हा उडू लागली, एकटीच. आणखी पुस्तकं लिहिली. सासूबाई अंथरुणाला खिळल्याचं कळलं तेव्हा हातचं काम टाकून गेली. नणंदेने दार अर्धंच उघडलं. तिचे डोळे रडून सुजले होते.

"वहिनी, आई नको म्हणतेय."

"बरं."

ती जिन्यात बसून राहिली. संध्याकाळी आतून रडण्याचा आवाज आला. ती उठून दाराशी गेली, पण दार वाजवायला हात उचलला नाही.