शेवटचं पान मोठ्याने

पैज लावली मुलाने, आणि तीही स्वतः एक ओळ न वाचता. घरात वाचणारी माणसं दोनच. एक त्याचे वडील, जे दंतवैद्यांना कवळ्या बनवून द्यायचे आणि म्हणून सगळ्या गल्लीत कवळीवाले म्हणून ओळखले जायचे. दुसरी त्याची बायको, जी हॉस्पिटलात एक्स-रे काढायची. म्हणजे एकाचा लोकांच्या तोंडाशी संबंध, दुसरीचा हाडांशी. मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याचं म्हणणं, आपलं काम वरून खाली चालतं, पुस्तकं डावीकडून उजवीकडे चालतात, तेव्हा आपलं जमणं अवघड आहे.

तरी वर्षाच्या पहिल्याच दिवशी जेवताना त्याने जाहीर केलं की दोघांनी मिळून वर्षात पन्नास पुस्तकं संपवायची. सासऱ्याने सुनेला सुचवायचं, सुनेने सासऱ्याला, आणि सुचवलेलं पुस्तक कितीही भिकार निघालं तरी अर्ध्यावर सोडायचं नाही. पंच तो स्वतः. शिवाय शेवटचं पान सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवायचं, त्याशिवाय पुस्तक धरणार नाही.

"नाहीतर तुम्ही दोघं मिळून मला बनवाल," तो म्हणाला.

या नियमामुळे त्याला पुष्कळ गोष्टींचे शेवट ठाऊक झाले आणि सुरुवात एकीचीही नाही. पुस्तकांतली माणसं मरायला फार वेळ लावतात, अशी त्याची तक्रार असायची. त्याने स्वतः तसा वेळ लावला नाही. ताप आला, हॉस्पिटलात नेलं, आणि पुढच्या रविवारी कवळीवाल्यांच्या घरात इतकी माणसं जमली की खुर्च्या शेजाऱ्यांकडून आणाव्या लागल्या.

नंतर सून हॉस्पिटलजवळ खोली घेऊन राहू लागली, पण रविवारी दुपारी यायचीच. दुःखाबद्दल बोलायची दोघांनाही सवय नव्हती, पुस्तकांबद्दल होती. त्यामुळे दोघं समोरासमोर बसून कुठल्यातरी कादंबरीतल्या विधवेबद्दल तासभर तावातावाने भांडायची, आणि मग चहा प्यायची.

वर्ष निम्मं सरलं तेव्हा सून म्हणाली, "बाबा, दुसऱ्या शहरातल्या हॉस्पिटलने मला बोलावलंय. थांबायला तयार आहेत ते. पन्नास झाली की जाईन म्हणते. त्याचं तेवढं तरी पुरं करू."

"उत्तम," कवळीवाले म्हणाले. घट्ट होऊन टोचणाऱ्या कवळीबद्दलही ते गिऱ्हाइकाला याच आवाजात 'होईल सैल' म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते वाचनालयात हजर झाले.

"कशा प्रकारचं पुस्तक देऊ?" ग्रंथपाल बाईंनी विचारलं.

"जाड."

"विषय?"

"विषयाचं तुम्ही बघा. जाडी मी बघतो."

अशा रीतीने सुनेला कालव्यांचा इतिहास मिळाला, मग मधमाश्यांचे रोग मिळाले, मग एका दीपगृहाच्या रखवालदाराच्या घराण्याची कादंबरी मिळाली, जिच्यात नायक जन्माला येईपर्यंत एक खंड संपत होता. रात्रपाळीला बसून तिने कालवे संपवले, मधमाश्या संपवल्या, रखवालदाराची पोरंबाळं मार्गी लावली. आणि बाबांच्या डोळ्यांना त्रास नको म्हणून त्यांना मात्र ती शोधून शोधून बारीक पुस्तकं सुचवत राहिली. म्हणजे कवळीवाले जी गाडी मागे ओढत होते, ती सून मुद्दाम पुढे ढकलत होती असंही नाही. ती फक्त त्यांचे डोळे जपत होती आणि आकडा वाढत होता.

शेवटी एकच पुस्तक उरलं. नेमकं कवळीवाल्यांच्या वाट्याचं. होडी चालवणाऱ्या एका बाईची चिमुकली कादंबरी, मोठा टाइप, मध्ये चित्रं. कवळीवाल्यांनी ती एका बैठकीत संपवली आणि गुपचूप कपाटात ठेवून दिली.

पहिल्या रविवारी ते म्हणाले, चष्म्याची काडी मोडली. पुढच्या रविवारी एका म्हाताऱ्या गवयाची कवळी अंगावर आली होती. त्याला नव्या कवळीतही एक दात वाकडाच हवा होता, नाहीतर म्हणे सूर हलतो. त्याच्या पुढच्या रविवारी त्यांना काही सुचलं नाही, तेव्हा ते म्हणाले, मधली चित्रं बघतोय.

"तीन आठवडे?" सून म्हणाली.

"बारकावे आहेत."

सुनेने कप खाली ठेवला. "पण आवडतंय ना?"

"ठीक आहे. पण ती बुडाल्यावर होडी प्रवाहाच्या उलट दिशेने कशी जाते, हे काही मला पटलं नाही."

ती बाई बुडते शेवटून दुसऱ्या पानावर.

"बाबा," सून म्हणाली, "कधी संपवलंत?"

कवळीवाले हाताची नखं बघू लागले. त्यांत कवळीच्या साच्याचं प्लास्टर होतं, नेहमीच असायचं.

"त्या हॉस्पिटलवाल्यांचा फोन आला होता," ती म्हणाली. "आणखी थांबणार नाहीत."

"इथे काय कमी आहे? इथेही हाडंच आहेत."

"माझा विभाग चौथ्या मजल्यावर आहे, बाबा."

"मग?"

"तिथल्या लिफ्ट तो बघायचा. दाराशी आत पाटी आहे, दुरुस्तीची तारीख, खाली त्याची सही. मी जिन्याने जाते. रोज. पेशंट स्ट्रेचरवर लिफ्टने वर येतो, आणि मी त्याच्यानंतर धापा टाकत पोचते. परवा एकाने मलाच विचारलं, बाई, तुम्हाला खुर्ची देऊ का?" ती हसायला गेली आणि ते जमलं नाही. "तिकडचं हॉस्पिटल बैठं आहे. सगळं एकाच मजल्यावर."

कवळीवाल्यांना वाटत होतं की रविवारची गरज फक्त आपल्यालाच आहे. बाकीचे दिवस ही पोरगी कुठून कुठे चढत असते, हे त्यांनी विचारलंच नव्हतं. मधमाश्यांबद्दल मात्र खोदून खोदून विचारलं होतं.

ते उठले, कपाटातून पुस्तक काढून आणलं, चष्मा लावला. चष्म्याच्या दोन्ही काड्या शाबूत होत्या.

त्यांनी शेवटचं पान उघडलं आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. बाईला बुडवून झाल्यावर लेखकाला काय करावं ते सुचलं नसावं; शेवटच्या पानावर नुसत्या बकऱ्या होत्या, काठावर चरणाऱ्या. कवळीवाल्यांनी प्रत्येक बकरी सावकाश वाचली. सून डोळे मिटून ऐकत होती. शेवटची ओळ आली, ती वाचून झाली.

मग त्यांनी पान उलटलं. मागे मुद्रकाचा पत्ता होता, तो वाचला. त्याखाली 'सर्व हक्क स्वाधीन' होतं, तेही वाचलं. मग मलपृष्ठ. ही कादंबरी हातातून खाली ठेवणं अवघड जाईल, असं तिथे छापलं होतं; ते वाक्य त्यांनी मध्येच थांबून पुन्हा पहिल्यापासून वाचलं. कोपऱ्यात किंमत होती. किमतीखाली काळ्या रेघा, आणि रेघांखाली आकडे. तेही ते एकेक करून वाचत गेले. सुनेने थांबवलं नाही.

आकडे संपले.

"झालं," कवळीवाले म्हणाले. "जा आता."