एक माप मोठी बांगडी

राजश्री क्लास सोडते म्हणून सांगायला आली, तीही ऐन बाजाराच्या दिवशी, बिबीजानच्या बांगड्यांच्या दुकानावर. आईला मदत करत बसलेल्या सायमाने हातातलं काम थांबवलं. शिरूरच्या कॉम्प्युटर क्लासात सायमा जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवायची, आणि रांजणगावच्या कंपनीत हेल्पर असलेली ही पोरगी शिफ्ट सुटली की बसमधून उतरून थेट क्लासात यायची. इतकी जिद्दीची मुलगी हातची जाऊ द्यायची म्हणजे काय!

"म्याडम, कॉम्प्युटरलाबी कळलंय. 'नाव' म्हणून 'हेल्पर राजश्री' लिवलं, आन् त्यातलं हेल्पर काढून ऑपरेटर कर म्हणलं, तरी हेल्परच छापतंय. माझं नशीबच तसलं हाय."

"अगं, स्ट्रिंग म्हणजे अक्षरांची माळ, ती एकदा झाली की कधी बदलत नाही. रिप्लेस केलं की नवी तयार होते. कितीदा सांगितलं!"

"सांगितलं व्हय. पाठबी हाय. पर कळंना, त्याला काय करू?"

पाठ करून घेणं म्हणजे शिकवणं नव्हे, हे सायमाला आता चांगलंच झोंबलं.

"रडायचं ते मागनं रड, आदी हात दे," म्हणत बिबीजानने राजश्रीचं मनगट धरलं. "केवढी रुतलीय गं ही! सायमा, एक माप मोठी काढ."

सायमाने मोठी निळी बांगडी काढून फडक्यावर ठेवली आणि पुन्हा स्ट्रिंगचं पुराण लावलं. राजश्रीचा हात तसाच पुढे.

बिबीजान खेकसली, "काढून ठिवली म्हंजी हिच्या हातातली मोठी झाली व्हय? काच हाय ती, ताणून वाढती का? घाल की हातात!"

राजश्रीने मनगटाकडे पाहिलं, मग फडक्याकडे.

"म्याडम, माझं ऑपरेटर असंच फडक्यावर पडलंय का?"

सायमाला हसूही आलं आणि डोळेही भरले. "तस्संच! नवी स्ट्रिंग झाली, पण नावाच्या हातात घालायची राहिली."

दोघी तशाच क्लासवर गेल्या. राजश्रीने रिप्लेसच्या आधी 'नाव' आणि बरोबरचं चिन्ह (=) एवढंच टाइप केलं. पडद्यावर उमटलं: ऑपरेटर राजश्री.

राजश्रीने त्या अक्षरांवर बोट ठेवलं. "आन् ते हेल्पर कुठं गेलं?"

"आहे तिथंच आहे. फक्त तुझ्या नावाच्या हातात नाही."

"ऱ्हाऊ द्या तिथंच," राजश्री म्हणाली, आणि खुर्ची पुढे ओढून बसली. "पुढचा धडा कंचा?"