दाराशी थांबणारी गोल्सा

मी एक म्हातारी मेंढी आहे, मित्रांनो. पण नुसती मेंढी म्हणाल तर मला राग येईल. मी गोल्सा, कळपाची म्होरकी. आमच्या आइसलंडात म्होरकी ज्याच्या गोठ्यात, तो नशिबाचा!

हिवाळ्यात वाळलं गवत पुरवून पुरवून वापरावं लागतं. म्हणून उघडीप असली की कळप माळावर जाऊन बर्फ उकरून चरतो. वादळ येणार असलं, तर आभाळ स्वच्छ असतानाच मला कळायचं. मग मी गोठ्याच्या दाराशी पाय रोवून उभी राहायची आणि माझा मालक ओदूर निमूटपणे दार लावून घ्यायचा.

"काय रे, मेंढीला विचारून दार उघडतोस?" शेजारी हसायचे.

"तुम्ही बायकोला विचारा, मी हिला विचारतो. वादळात कोण सापडतं ते बघूच!"

हे ऐकून मी अशी काही फुगायची की विचारू नका!

पुढे माझे गुडघे धरले. एका सकाळी पाऊलच टाकवेना, म्हणून मी दाराशी थांबले. ओदूरने लगेच दार लावलं आणि पुढ्यात गवत टाकलं. दिवसभर लख्ख ऊन होतं. मला लाज वाटली. पण खोटं कशाला बोलू, गवत गोड लागलं. मग मी पुन्हा थांबले, आणि पुन्हा. गवताची गंजी खाली बसत गेली.

"अरे, वसंताला अजून किती अवकाश आहे!" ओदूरची बायको स्तेनुन कडाडली. "गवत संपल्यावर या मेंढ्यांना काय घालशील? तुझ्या म्हातारीचं कौतुक?"

ओदूरने मला मागे बांधलं आणि माझी लेक बोत्ना हिला पुढे काढलं.

थोड्याच दिवसांनी बोत्ना दाराशी थांबली. तिचे पाय तरुण होते, मित्रांनो. वादळाचा वास मलाही आला होता. मी जीव तोडून ओरडले. ओदूर घुटमळला, त्याने बाहेरचं ऊन बघितलं.

"आईचीच थेरं शिकलीस!" म्हणत त्याने तिला ढकललं.

दुपारी वादळ कोसळलं. संध्याकाळी बोत्ना कळप घेऊन परतली, पण यंदाची कोकरं मागेच राहिली होती. ओदूर बर्फ उकरत हिंडला आणि रिकाम्या हातांनी आला. बोत्नाच्या गळ्यात पडून तो रडला, "तू सांगत होतीस गं बाई!"

खरं तर रडायला हवं होतं मी.

माझं दावं सोडताना स्तेनुनच्या हाताला माझे सुजलेले गुडघे लागले. "अगं बाई, हिचे पाय दुखत होते!" ती म्हणाली. आता ती रोज त्यांना तेल चोळते. मला ते सोसवत नाही.

मित्रांनो, म्हातारं जनावर अडलं तर आधी त्याचे पाय चाचपून बघा. त्याची शिक्षा त्याच्या लेकीला देऊ नका.

ओदूर हल्ली दार उघडून बाजूला उभा राहतो. "वाटलं तर थांब हं, बोत्ना," असं तिला विनवतो. ती थांबत नाही. आभाळ कसंही असो, मान खाली घालून बाहेर पडते.